हाकेचा दगड

अगं अगं, ते नाणं कनवटीला काय खोचतेस? ठेव आधी त्या दगडावर. घाटाच्या खालच्या पायरीलगत तो पसरट काळा दगड दिसतो ना, त्यावर. बघ, तिथे आधीच एक किल्ली आहे, कुणाच्या तरी कानातलं एक फूल आहे, लेकराच्या करगोट्यातली घंटी आहे. चष्म्याची काडीसुद्धा आहे. कोंडशीच्या या घाटावर जे सापडेल ते वर्षभर तिथेच राहतं. ठेवताना तीनदा मोठ्यानं विचारायचं, "कुणाचं हो हे?" लाजू नकोस, इथे सगळेच ओरडतात. आणि तुझे हे मागे हसतायत ते मला दिसतंय बरं का! हसू देत. पाकीट पडलं की हेच पहिले धावत येतील इथे.

बसा घटकाभर. मी कोंडाक्का. आम्ही झारेकरी. सोनाराच्या दुकानापुढची माती आणि नदीतली रेती धुऊन त्यातलं सोनं-चांदी काढायची, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. पौषात इथे डोहाईची जत्रा भरते. माणसं डोहात नाणी टाकतात, आंघोळीत कुणाची जोडवी निसटतात, कुणाची नथ जाते. जत्रा उठली की आम्ही घमेली घेऊन पाण्यात उतरतो. तेच आमचं वर्षाचं पीक.

पूर्वी आमच्यात एक रीत होती. जे मिळेल ते दिवस मावळायच्या आत मुशीत घालून वितळवायचं. हरवलेल्या वस्तूमागे तिच्या धन्याचा जीव घुटमळतो, ती तशीच घरात ठेवली तर त्याची हाय लागते, असं जुनी माणसं म्हणायची. खरं सांगू? आकार राहिला तर कुणी मागायला येईल, ही भीतीही असणार. रस झाला की मग नुसती चांदी. त्यामुळे काय सापडलं ते कुणी निरखून बघायचंच नाही. बघायला लागलं तर हात थांबतो.

त्या काळात आमच्यात गोजरा नावाची झारेकरीण होती. तिची एकुलती लेक मथी, चार वर्षांची. गोजरानं तिला चांदीचे वाळे घडवून घेतले होते, प्रत्येकावर पाच ठिपके, ओळीनं. एका वर्षी जत्रा उठल्यावर गोजरा पाण्यात रेती उपसत होती, पोर काठावर खेळत होती. मान वर करून बघते तो पोर नाही! तिच्या तोंडचं पाणी पळालं. डोहात माणसं उतरवली, पेठा धुंडाळल्या, गाड्यांमागे गाड्या थांबवल्या. हाती आला तो एक वाळा, खालच्या पायरीशी पडलेला. नवरा म्हणाला, रीतीप्रमाणे वितळव. तिनं ऐकलं नाही. तेवढा एक वाळा तिनं कनवटीला बांधला आणि सोळा वर्षं उतरवला नाही, असं सांगतात.

पोर बुडाली म्हणावं तर प्रेत नाही. जिवंत म्हणावं तर पत्ता नाही. बाईचा जीव सोळा वर्षं असा टांगणीला. दुसरं मूल झालं नाही. जत्रेतली चार वर्षांची कुठलीही पोर दिसली की ती कामातून उठायची, जवळ जाऊन पायाकडे बघायची, मग परत पाण्यात उतरायची. तिला दुसरं काही नको होतं गं. पोर आहे की नाही एवढं कळलं असतं तरी ती सुखानं निजली असती.

आणि पोर होती! मडकी विकायला आलेल्या एका कुंभाराच्या गाडीत, गवतात, ती खेळता खेळता झोपून गेली होती. चार मुक्काम पुढे गेल्यावर कुंभारणीला सापडली. त्या दोघांना मूल नव्हतं. परत फिरायला त्यांचा पाय निघाला नाही. मी त्यांना वाईट म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका. त्यांनी मथीला पोटच्या पोरीसारखी वाढवली, लग्न लावून दिलं. मरताना कुंभारणीनं तिच्या हातात एक वाळा ठेवला आणि खरं काय ते सांगितलं. कोंडशीच्या जत्रेतली आहेस, याहून तिलाही काही ठाऊक नव्हतं.

आता सासरी हे बोलायची सोय नव्हती. सापडलेली पोर, कुणाची, कुठल्या जातीची, असं निघालं असतं तर तिला त्याच पावली घराबाहेर काढली असती. म्हणून ती नवसाचं निमित्त करून सासूबरोबर जत्रेला आली. तिनं ऐकलं होतं की कोंडशीच्या रेतीतलं काहीही झारेकऱ्यांच्या हातून सुटत नाही. तिला वाटलं, वाळा त्यांच्या हाती लागला की गावभर बोभाटा होईल, आणि आपलं माणूस तो ओळखेल. कुणाचं लक्ष नाहीसं बघून तिनं वाळा खालच्या पायरीशी रेतीत खोचला. सासूसह जवळच्याच गावी पाहुण्यांकडे राहिली. आमची रीत तिला बिचारीला काय माहीत!

जत्रा उठल्याच्या दुसऱ्या दिवशी गोजराच्या घमेल्यात तो वाळा आला. चिखलानं लडबडलेला, चार नाण्यांबरोबर. तिनं बघितलं नाही. संध्याकाळी सगळं मुशीत घातलं, टाकणखार टाकला, भाता ओढला. तिसऱ्या दिवशी पहाटे चांदीची लगड घेऊन ती पेठेला विकायला गेली.

त्याच सकाळी मथी घाटावर आली. देवळाच्या गुरवणीला तिनं भीत भीत विचारलं, रेतीत एक वाळा सापडल्याचं काही कानावर आलं का? गुरवीण म्हणाली, "रेतीतलं होय? ते तर त्याच दिवशी मुशीत जातं, बाई." हे ऐकून पोर रडत रडत सगळं बोलून गेली. गुरवीण म्हणाली, "अगं, तुझी आई आहे! गोजरा तिचं नाव. दिवेलागणीला येईल ती. थांब तेवढं."

पण पलीकडच्या काठावर बैल जुंपलेली गाडी उभी होती आणि सासू हाका मारत होती. मथी उठायची, बसायची, पेठेच्या वाटेकडे बघायची. शेवटी गुरवणीचे पाय धरून म्हणाली, "पुढच्या जत्रेला येते म्हणून सांगा." सासरचं गाव तिनं सांगितलं नाही. संसार मोडेल, म्हणाली.

गोजराला हे कळलं तेव्हा तिच्या डोक्यावरचं मिठाचं गाठोडं अजून उतरलं नव्हतं. ते तिथेच टाकून ती आल्या पावली माघारी पेठेला धावली. सोनारानं तोवर त्या चांदीची तार ओढली होती. त्यातली बोटभर तार मागून, ती मुठीत धरून ती परत आली म्हणे.

मग तिनं हा दगड आणवला, कनवटीचा वाळा सोडून त्यावर ठेवला आणि सगळ्या झारेकऱ्यांना डोहाईची शपथ घातली. यापुढे सापडलेली वस्तू वर्षभर आहे त्या रूपात इथे राहील, तिच्या माणसाला हाक मारली जाईल, मगच मूस. पुढच्या जत्रेला मथी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाळंतपण असेल, साथ असेल, सासूनं सोडली नसेल, कुणाला ठाऊक? गोजरा दर जत्रेनंतर तीन दिवस इथे डोळ्यांत प्राण आणून बसायची. अशी बावीस वर्षं बसली. तेविसावी जत्रा उठली, त्याच्या दुसऱ्या दिवशी गेली.

आणि ऐका. आमची सगळी घरं सुतकात होती. तिसऱ्या दिवशी घाटावर आमचं कुणीच नव्हतं. चौथ्या दिवशी येऊन बघतात तर दगडावरचा वाळा नाही! इतक्या वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. त्या जागी खणाची घडी होती, वर हळदकुंकू. चोर खण ठेवून जात नाही, बाई. लेक आली होती. आई कुठे आहे हे सांगायला तिथे एक माणूस नव्हतं. ती कुणाला विचारणार, आणि कुठल्या तोंडानं? आमच्या अख्ख्या जातीला ही रुखरुख लागली ती लागलीच.

तेव्हापासून घरात सुतक असो, लग्न असो, जत्रेनंतर तीन दिवस आमची एक तरी म्हातारी दगडापाशी असतेच. यंदा पाळी माझी. मथी कधीच गेली असेल, एवढं कळतं मला. पण तिला लेकी झाल्या असतील, त्या लेकींना लेकी. कुणाच्या तरी ट्रंकेच्या तळाशी तो वाळा असेल आणि कुणाचा ते कुणाला माहीत नसेल. म्हणून आजही अनोळखी बाई या पायऱ्या उतरली की आम्ही तिला सोडत नाही. दोष दे, भोचक म्हण, चालेल मला. पण सांग पोरी, तुझ्या आईचं माहेर कुठलं? आणि तिच्या आईचं?