हात न पोचणारा पट्टा

"अजून किती वजन वाढवू, उस्ताद?"

हिंदुराव शेडगे बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मागच्या वर्षी पंधरा किलो होतं, तुम्ही म्हणालात, अजून नाही. मग वीस केलं. तरी नाहीच. आज पंचवीस आहे. फॉर्म भरायची मुदत उद्या संपतेय, आणि तुमच्या सहीशिवाय शर्यतवाले तो घेत नाहीत."

"हं..."

सर्वेश गुजर पुण्याचा. कॉम्प्युटरसमोर बसून पोट सुटेल या भीतीने तो पळायला लागला आणि पुढे पाठीवर ओझं घेऊन कोसचे कोस चालायच्या नादी लागला. आता साठ किलोमीटरच्या शर्यतीने त्याला झपाटलं होतं. अंगात ताकद होती, आणि ती आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. शेडगे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पलटणीत त्यांनी शेकडो नवे रंगरूट चालवून काढले होते. आता ते घाटाच्या पायथ्याशी, आपल्या गावी राहत आणि सर्वेश दर रविवारी त्यांच्याकडे येई.

त्याचा सगळा सरंजाम जुन्या बाजारातला, फौजेने बाद केलेला. बूट तिथले, बाटली तिथली, आणि पाठीवरचा हिरवा पिठ्ठू, म्हणजे फौजींची पाठपिशवी, तोही तिथलाच. त्यावर कुणा अनोळखी जवानाचा नंबर पांढऱ्या रंगात अजून वाचता येत होता. सर्वेशला त्या नंबराचा कोण अभिमान! जसा काही सरकारने तो त्यालाच दिला होता.

उस्तादांनी पिठ्ठू उचलला, फिरवला, चाचपला. वरच्या बाजूला, मधोमध, कापलेल्या दोऱ्यांची टोकं उभी होती. त्यांचं बोट तिथं थांबलं.

"हितला पट्टा?"

"कापला. बिनकामाचा होता. उगाच मानेला घासायचा. आणि पिठ्ठू पाठीवर असला की तिथं हात पोचतच नाही, उस्ताद. तुम्हीच करून बघा."

"कुणाचा हात?"

"माझा."

उस्तादांनी पिठ्ठू त्याच्या हवाली केला.

"चल."

सकाळचं ऊन नुकतं घाटावर आलं होतं. सर्वेश पुढे, उस्ताद आपला पिठ्ठू घेऊन मागे. पहिल्या तासात सर्वेशने दोनदा वळून पाहिलं. कुणी मागे पडलेलं दिसलं की त्याला बरं वाटे, मग ते साठी ओलांडलेले उस्ताद का असेनात.

शेवटच्या चढावर सुटी खडी होती. सर्वेशने जोर लावला, पाय सटकला आणि पंचवीस किलोंनी त्याला मागे खेचलं. तो उताणा पडला, डोकं उताराकडे. लागलं काहीच नाही. पण उठताही येईना. उलट्या पडलेल्या कासवासारखे त्याचे हातपाय हवेत हलत राहिले.

खालून उस्ताद आले. त्यांचा हात सरळ पिठ्ठूच्या वरच्या टोकाशी गेला, नेमका मधोमध. मूठ मिटली...

रिकामीच.

त्यांनी मूठ उघडून सर्वेशला दाखवली. मग बाजूच्या दगडावर बसले आणि खिशातून गूळ-शेंगदाणे काढून खाऊ लागले.

"उस्ताद, हात द्या ना!"

"दिला की."

सर्वेशला एकेक पट्टा सोडवून, कुशीवर लोळून स्वतःला मोकळं करावं लागलं. उभा राहिला तेव्हा तोंड लाल झालं होतं. दमाने कमी, शरमेने जास्त.

उस्तादांनी गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवला.

"आता मी फुडं. तू माझ्या मागं."

त्यांनी त्याच्याकडे पाठ केली. त्यांच्या पिठ्ठूवर तो पट्टा जागच्या जागी होता. बाकीचा पिठ्ठू उन्हापावसाने विटलेला, पण तो चार बोटांचा पट्टा हात लागून लागून काळाभोर आणि गुळगुळीत झालेला.

"धर."

सर्वेशने आपला पिठ्ठू पुन्हा पाठीवर घेतला आणि तो पट्टा धरला. मघाशी सटकणारी तीच खडी, पण आता पाय ठरत होता. अर्ध्यावर उस्तादांचा गुडघा लचकला. ते थांबले, किंचित मागे झुकले. सर्वेशची मूठ पट्ट्यावर होतीच. त्याने विचार न करता ती वर उचलली, आणि त्या पिठ्ठूचा भार त्याला आपल्या मनगटात जाणवला.

उस्तादांचे खांदे सैल झाले. पाऊल पुढे पडलं.

दोघं माथ्यावर पोचले तेव्हा कुणी कुणाला वर आणलं, हे सर्वेशला सांगता आलं नसतं. त्याने सांगितलंही नाही.

उस्तादांनी एक पत्र्याची डबी काढली. आत दाभण, मेण लावलेला दोरा आणि जुन्या पट्ट्याचा एक तुकडा होता. डबी त्यांनी सर्वेशपुढे सरकवली.

सर्वेश शिवायला बसला. दोनदा दाभण बोटात घुसलं. वारा सुटला होता, खाली गाव दिसत होतं, आणि कितीतरी दिवसांनी त्याला कसलीच घाई नव्हती. त्याला फार बरं वाटत होतं.

उस्तादांनी सर्वेशचा भरलेला पिठ्ठू त्या नव्या पट्ट्याला धरून उचलला. एक हिसका दिला. दुसरा दिला. टाका हलला नाही.

"फॉर्म काढ."

गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी सावकाश सही केली.

सर्वेशला आनंद मावेना. तो त्यांच्या पाया पडला. मग कागदाकडे बघत राहिला.

"पण उस्ताद... वजन तर सकाळी होतं तेवढंच आहे."

"तेवढंच हाय."

त्याने पिठ्ठू पाठीवर चढवला. हात मागे नेऊन पट्टा शोधला. बोटं हवेतच राहिली. तो स्वतःशीच हसला.

"अजूनही पोचत नाही, उस्ताद."

उस्ताद उतरायला वळले होते. उन्हात त्यांच्या पाठीवरचा काळा पट्टा चमकत होता.

"माझाबी न्हाई पोचत. पलटणीत सतरा वर्सं पाठीवर व्हता... येकदाबी धरला न्हाई म्या त्यो."