चार एकर हिरवळ आणि एक डुकरीण

“अव्वा, डुकराला काय काय खायला घातलं म्हणजे ते नैसर्गिक होतं?”

अव्वानं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं.

“आत्ता काय हाय ते? प्लास्टिकचं?”

हर्षवर्धन शिंगाडे हसला नाही. शेतकीची पदवी पहिल्या वर्गात काढलेला माणूस अशा ठिकाणी हसत नसतो. त्यानं मांडीवरची फाइल उघडली.

सोलापूरपलीकडच्या या माळावर तो सकाळी आठलाच येऊन थडकला होता, इस्त्रीची पँट घालून, आणि बसायला त्याला दगड मिळाला होता. समोरची म्हातारी म्हणजे यल्लव्वा धोत्रे. उभा जन्म दगड फोडण्यात आणि डुकरं पाळण्यात गेलेला. आसपासची दहा गावं तिला अव्वाच म्हणत. तिच्या काळ्या डुकरिणी माळावर मोकळ्या हिंडत आणि एकेका वेताला दहा-दहा पिल्लं घालत.

शिंगाड्याला त्यातलं गुपित हवं होतं. लेखी.

“मी डुकरं कोंडून पाळत नाही, अव्वा. सात डुकरिणींना चार एकर कुरण केलंय. वर अकरा प्रकारचा खुराक. लसूणघास, रताळी, भोपळा, मक्याचा भरडा... प्रत्येकाचं भांडं वेगळं. वजन करून. आणि तरी...”

“तरी?”

“थोरली दहा दिवसांत विणार आहे. पाच दिवस झाले, भांड्याला नाक लावते आणि माघारी फिरते. बरगड्या दिसायला लागल्या. डॉक्टर म्हणतात, रोग काही नाही. अशीच राहिली तर पिल्लं जगायची नाहीत. आणि ती पण...”

इथं त्याचा आवाज जरा खाली आला. तेव्हा कुठं अव्वानं त्याच्याकडं नीट बघितलं.

“तुमची डुकरं काय काय खातात, तेवढं सांगा,” तो म्हणाला. “ग्रॅममध्ये.”

“मी काय त्यांच्या पंगतीला बसती व्हय?”

अव्वा उठली. कुडाला टेकवलेली पहार तिनं खांद्यावर घेतली.

“चल. तुझी बघू.”

“पहार कशाला?”

“तू फाइल कशाला आणलीस?”

शिंगाड्याचं कुरण म्हणजे नुसता गालिचा. एक काटा नाही, एक खड्डा नाही, चिखलाचा ठिपका नाही. बाभळी तोडलेल्या, बोरी उपटलेल्या. दारावर पाटी होती : ‘आदर्श कुरण. कृपया चपला बाहेर काढाव्यात.’ रविवारी चाळीस शेतकरी ते बघायला येणार होते, म्हणून गवत परवाच कातरलेलं.

आणि सातही डुकरिणी कुंपणाला लागून ओळीनं उभ्या. पहिली पंगत उठायची वाट बघणाऱ्या पाहुण्यांसारख्या. पायाखाली एवढी हिरवळ, पण एकीचंही तोंड खाली नाही.

अव्वा थोरलीपाशी गेली. तिचा कान कुरवाळला. मग तिच्या नाकाशी वाकली. नाकाच्या वरच्या कडेत तांब्याच्या तारेची कडी होती.

“हिला नथ कुणी घातली?”

“मीच. गेल्या बुधवारी, सातहीजणींना. नाहीतर उकरतात हो. नाकानं जमीन खालची वर करून टाकतात. चार दिवसांत कुरणाचा सत्यानाश.”

“आणि लगीन कुणाशी लावून दिलंस?”

एवढं बोलून म्हातारी चपलांसकट हिरवळीच्या मधोमध पोचली. पहार वर गेली.

“अव्वा! रविवार!”

“आज मंगळवार हाय,” असं म्हणून अव्वानं पहार हाणली.

भाकरीएवढं ढेकूळ उलथून पडलं. खाली लव्हाळ्याच्या गाठी, दोन गांडुळं आणि हुमणीची एक जाडजूड पांढरी अळी. हा लव्हाळा खणून काढायला शिंगाड्यानं सहा बायका आठ दिवस लावल्या होत्या. लव्हाळ्याला ते कुणी कळवलं नव्हतं.

थोरली कुंपणापासून निघाली. पोट जमिनीला घासत होतं, तरी धावली. शिंगाड्याला बाजूला ढकलून तिनं सगळं मटकावलं. गाठी, गांडुळं, अळी, वर थोडी माती. कचाकचा आवाज आला. पाच दिवसांत तो आवाज त्यानं ऐकला नव्हता.

मग तिनं खड्ड्याच्या कडेला नाक लावलं आणि जोर दिला.

कडी रुतली तशी किंचाळून मागं सरली.

पुन्हा नाक लावलं. पुन्हा मागं.

तिसऱ्यांदा लावलंच नाही. नुसती उभी राहिली, खड्ड्याकडं बघत...

अव्वा पहारीला टेकून पान चघळत राहिली.

“काढतो मी,” शिंगाडे म्हणाला. “रविवार झाला की लगेच काढतो. चाळीस लोक येणार आहेत, अव्वा. पाचच दिवसांचा प्रश्न आहे.”

“बरं.”

“चालेल ना?”

“मला काय धाड भरलीया? तिच्या पोटातल्यांना तेवढं सांगून ये.”

शिंगाड्यानं पाटीकडं बघितलं. कातरलेल्या गवताकडं बघितलं. मग डुकरिणीकडं बघितलं, आणि तिथंच अडकला...

शेडमध्ये गेला. आला तेव्हा हातात फाइल नव्हती. पक्कड होती. खांद्यावर दोरी.

अव्वानं दोरीचा फास थोरलीच्या वरच्या जबड्यात सरकवला आणि ओढून धरला. डुकरिणीनं असा टाहो फोडला की रस्त्यावरची एसटी क्षणभर थांबली. शिंगाड्यानं तार तोडली. त्याच झटक्यात ती सुटली आणि दोरीत पाय गुंतलेला पदवीधर पंधरा पावलं हिरवळीवरून पोटावर गेला. इस्त्रीचा निकाल तिथंच लागला.

“पहिली झाली,” अव्वा म्हणाली. “ऊठ. सहा ऱ्हायल्या.”

ऊन कलेपर्यंत सातही मोकळ्या झाल्या. तोवर निम्मा एकर नांगरल्यासारखा झाला होता. जिथं तिथं ढेकळं, मुळं, ओली काळी माती. थोरली डोळ्यांपर्यंत मातीत घुसली होती, आणि तिचं शेपूट, जे गेले पाच दिवस दोरीसारखं लोंबत होतं, ते गोल वळून हलत होतं.

शिंगाडे बांधावर बसला. केसांत गवत, खिशात माती, तोंडावर वेडगळ हसू. मग ते हसू हळूहळू मावळलं.

“अव्वा... आता रविवारी त्या चाळीस जणांना मी दाखवू काय?”

अव्वानं पहार खांद्यावर घेतली आणि वाटेला लागली.

“मला का विचारतोस? तिला विचार. पण तिचं जेवण होऊ दे.”