दार उघडेना, आई भेटेना

फार दूर, फ्रान्स देशात मार्न नावाची नदी होती. नदीत एक खोल हौद होता. हौदाला भलेमोठे दार होते. हौदात पाणी चढे, होडी वर येई. पाणी उतरे, होडी खाली जाई.

एकदा बदक-आई शेवाळ खायला हौदात शिरली. पिल्लू मागे काठावर राहिले. इतक्यात दार मिटले. धडाम! पाणी उतरले. सर्र सर्र! आई खोल खोल गेली. दर उन्हाळ्यात गळतात तशी तिची पिसे गळली होती. तिला उडता येईना.

"पिल्ला! पिल्ला!" आई खालून ओरडली.

टुपुक टुपुक, पिल्लू दाराकडे गेले.

"दारा दारा, उघड ना! आई भेटेना."

दार गुरगुरले, "आत पाणी चढल्याशिवाय मी उघडणार नाही."

टुपुक टुपुक, पिल्लू पाण्याकडे गेले.

"पाण्या पाण्या, चढ ना! दार उघडेना, आई भेटेना."

काळे पाणी म्हणाले, "मला आत सोडणारी झडप सरकल्याशिवाय मी चढणार नाही."

टुपुक टुपुक, पिल्लू झडपेकडे गेले.

"झडपे झडपे, सरक ना! पाणी चढेना, दार उघडेना, आई भेटेना."

"माझे चाक फिरल्याशिवाय मी सरकणार नाही."

"पिल्ला..." आईची हाक बारीक झाली.

टुपुक टुपुक, पिल्लू चाकाकडे गेले.

"चाका चाका, फिर ना! झडप सरकेना, पाणी चढेना, दार उघडेना, आई भेटेना."

"ओदील मावशी उठल्याशिवाय मी फिरणार नाही."

ओदील मावशी हौद सांभाळी. ती बाकावर जेवत होती. केवढे मोठे तिचे बूट!

"मावशी मावशी, ऊठ ना! चाक फिरेना, झडप सरकेना, पाणी चढेना, दार उघडेना, आई भेटेना."

"जेवताना मी कुणासाठी उठत नाही हो! पाव संपल्याशिवाय मी उठणार नाही."

पावाचा शेवटचा तुकडा बाकावर होता.

"पावा पावा, संप ना! मावशी उठेना, चाक फिरेना, झडप सरकेना, पाणी चढेना, दार उघडेना, आई भेटेना."

"कुणी खाल्ल्याशिवाय मी संपणार नाही."

हौदातून हाक येईना.

पिल्लाने डोळे घट्ट मिटले. टुणकन उडी मारली. गट्टम!

"अगंबाई! माझा पाव कुणी पळवला? आता उठावंच लागणार!"

मावशी उठली, कामाला लागली. चाक फिरले, करकर. झडप सरकली, खर्र. पाणी चढले, बुडबुड. दार उघडले, कर्रर्र.

दारामागे सावलीचा अंधार. आई दिसेना.

मग अंधारातून एक चोच आली. आईची चोच!

"इतका वेळ कुठे होतास रे, सोन्या?"

"मावशीचा पाव संपवत होतो!"