घासू नको म्हणणारी मोटार

फार जुनी गोष्ट नाही. स्वस्तात रंग मारून देणाऱ्या एका गॅरेजात एक म्हातारी मोटार आली. तिचं दार खालून गंजलं होतं.

पॉलिश पेपर म्हणाला, "आजी, गंज मुळापर्यंत घासून काढायला हवा. दुखेल थोडं."

"नको रे बाबा. वरूनच रंग द्या. चारचौघांत बरी दिसले म्हणजे झालं."

रंगारी दौलतलाही घाईच होती. त्याने गंजावरच पुट्टी भरली आणि लाल रंग मारला. मालकाने हार घातला, शेजाऱ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. आत गंज निवांत जेवत राहिला.

वर्षाने मोटार कण्हत परत आली. "आता हवं तितकं घास."

पॉलिश पेपरने दाराला हलकेच अंग लावलं आणि तो थबकला.

"घासू तरी काय, आजी? पत्रा उरलाच नाही. नुसता रंग उभा आहे."