भिवसेनने चुकवलेली लस

एका गावात येसाजी आणि भिवसेन नावाचे दोन चुलतभाऊ राहत. दोघेही बोअर पाडण्याचं काम करत. धाकटा भिवसेन अंगापिंडाने दणकट. खडक लागून यंत्र अडलं की बाकीचे मागे सरत आणि हा पुढे होई. पण सुईला तो फार घाबरे. हे त्याने कधी कोणाला कळू दिलं नव्हतं.

दोघांना आफ्रिकेतल्या एका देशात काम मिळालं. तिकडे डास चावून पिवळा ताप येतो, म्हणून निघण्याच्या बरंच आधी लस टोचून घ्यायची होती. येसाजीने ती घेतली. भिवसेन दवाखान्याच्या दारातूनच परत फिरला. बाहेर एक दलाल भेटला. त्याने पैसे घेऊन, सुई न टोचताच लस घेतल्याचा खोटा दाखला आणून दिला. भिवसेन भावाला म्हणाला, "झालं माझं."

तिकडे रानाच्या कडेला त्यांचा तळ पडला. येसाजी भर उन्हातही पूर्ण बाह्यांचा सदरा घाली, पाण्याची पिंपं झाकून ठेवी. "हा डास दिवसाच चावतो रे," तो सांगे. भिवसेन हसे आणि उघड्या अंगाने कामाला लागे.

एके दिवशी त्याला सणकून ताप भरला. पाठ मोडून आली, उलट्या सुरू झाल्या. तेव्हा त्याने येसाजीचा हात धरला. "दादा, मी लस घेतलीच नाही. सुईची भीती वाटली."

येसाजीने त्याच्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला. मग म्हणाला, "मला सांगायचं होतंस. मी बसलो असतो शेजारी."

त्याने भिवसेनला दवाखान्यात नेलं. तिथल्या परिचारिकेने स्पष्टच सांगितलं, "हा ताप मारणारं औषध नाही. आम्ही काळजी घेऊ, लढायचं शरीरालाच आहे. आणि दिवसासुद्धा मच्छरदाणीतून बाहेर यायचं नाही."

उकाडा भयंकर होता. आत भिवसेनचा जीव घुसमटला. त्याने मच्छरदाणी वर सारली. "आता मला डास चावला तर काय बिघडणार आहे?"

"तुझं नाही बिघडणार," येसाजी म्हणाला. "पण तुला चावलेला डास पुढे दुसऱ्याला चावेल. बाजूच्या खाटेवरच्या बाईचं बाळ बघ. इतक्या लहान बाळाला लसही देता येत नाही."

भिवसेनने मान वळवली. बाळ आईच्या कुशीत पाय झाडत होतं. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने मच्छरदाणी खाली ओढली आणि तिच्या कडा स्वतःच गादीखाली खोचल्या. त्यानंतर त्याने एकदाही कुरकुर केली नाही.

पुढे त्याचे डोळे पिवळे झाले. येसाजीने आशा सोडली होती. पण हळूहळू ताप उतरला आणि भिवसेन भिंतीला धरून चालू लागला. दवाखान्यात दुसऱ्या कोणाला ताप आला नाही.

ते बाळ आईबरोबर घरी निघालं, तेव्हा आईने जाता जाता त्याला क्षणभर भिवसेनच्या मांडीवर ठेवलं. बाळाने त्याची मिशी घट्ट पकडली. भिवसेन हसला आणि मग त्याला रडू आवरेना.

तात्पर्य: भीती वाटण्यात कमीपणा नाही, ती लपवून लस चुकवण्यात मात्र धोका आहे. वेळेवर लस घ्यावी, डासांपासून अंग जपावं. त्यात आपल्याबरोबर शेजाऱ्याचाही जीव जपला जातो.