घरात न आलेले सोडियम

एका अरबी बंदरात एक वृद्ध, विद्वान डॉक्टर राहत असत. सारे त्यांना ‘उस्ताद’ म्हणत. हैसम हा त्यांचा लाडका शिष्य. घरी तो अरबी बोले. वैद्यकाचे सारे ज्ञान मात्र त्याने इंग्रजीतून मिळवले होते, आणि परीक्षेत तो सर्वांच्या पुढे होता.

त्याच्याकडे हृदय थकलेला एक नावाडी आला. हैसमने अचूक निदान केले, औषधे दिली आणि नावाड्याच्या पत्नीला बजावले, की याच्या आहारात सोडियम अजिबात नको. तिने मान डोलावली. तिला समजले, असे धरून तो पुढच्या रोग्याकडे वळला.

पुढे नावाडी अंगभर सूज घेऊन परतला आणि त्यातच गेला.

त्याची पत्नी दवाखान्यातल्या बाकावर बसली होती. हैसम आणि उस्ताद तिच्यापाशी आले. म्हणाली, “डॉक्टर, तुमचं ते सोडियम मी घरात येऊ दिलं नाही. दुकानदारालाही बजावलं होतं. याच्या तोंडाला चव नव्हती, म्हणून खारवलेली मासळी तेवढी करून घालायचे. तेवढेच दोन घास जायचे.”

हैसम पुढे झाला. “खाला, सोडियम म्हणजे...” तो एवढेच बोलला, तोच उस्तादांनी त्याचा हात घट्ट दाबला.

“बहिणी,” ते तिला म्हणाले, “तू त्याची सेवा केलीस. तुझं काही चुकलं नाही.”

जन्मभर सत्याचा आग्रह धरणाऱ्या गुरूंनी आज सत्य का दडपले, हे हैसमला कळेना. ती गेल्यावर त्याने विचारले.

“‘मीठ’ हा शब्द त्या दिवशी औषध होता,” उस्ताद म्हणाले. “आज तो विष आहे. तो ऐकून ती जन्मभर स्वतःलाच नवऱ्याची मारेकरी समजेल. इंग्रजीतून शिकलास, यात पाप नाही. नवं ज्ञान तिकडून येतं. पण ते रोग्याच्या भाषेत उतरवायला आपल्याकडे कुणी शिकवत नाही. हा दोष आपला. त्याचं ओझं तिच्या घरी पाठवू नकोस. तू उचल.”

हैसमने ते उचलले. रोग्याशी बोलताना तो अडखळू लागला, घरचे शब्द शोधू लागला.

शोकाचा काळ संपल्यावर ती बाई मुद्दाम त्याला भेटायला आली. “बाळा, तू फार धडपडलास. अल्लाह तुझे हात सलामत ठेवो,” म्हणाली.

हैसम मान खाली घालून उभा राहिला. ही दुवा नाकारण्याचाही अधिकार आपल्याला उरलेला नाही, हे त्याला तेव्हा उमगले.