गोवराची साथ आणि सभापतींची सभा

आमच्या गावात गोवराची साथ आली होती, तेव्हाची ही गोष्ट. घरोघर पोरं तापानं फणफणलेली. साथीचं काम बघायला आरोग्यसेविका हौसाक्का होती. तेवढ्यात सभापती दौलतरावांनी तिला बोलावून फर्मावलं, "उद्या देवळापुढं माझी सभा आहे. लेकराबाळांसकट सगळं गाव जमव. मांडव भरला नाही, तर तुझं काम गेलं म्हणून समज."

हौसाक्कानं विचारलं, "साहेब, बोलणार कशावर?"

"साथीत गर्दी करू नका, यावर!"

अक्का बरं म्हणाली आणि संध्याकाळभर दारोदार फिरली.

दुसऱ्या दिवशी सभापती फोटोवाल्याला घेऊन आले, तर मांडवात एक कुत्रं निवांत झोपलेलं. ते कडाडले, "गाव कुठाय गं?"

"घरात बसलंय, साहेब. तुमचं भाषण मी कालच सगळ्यांना सांगितलं. तुमचा शब्द कोण मोडणार?"

"तुला कामावरून काढतो!"

"काढा की. फक्त कारण तेवढं खरं लिहा, हिच्यामुळं गावानं माझं ऐकलं म्हणून."

सभापती टोपी सारखी करत मांडवात जाऊन उभे राहिले. मग फोटोवाल्याला हळूच म्हणाले, "माझ्या एकट्याचाच काढ. जवळून."